प्लेट फेकण्याआधी

रूट कॅनॉल होऊन दोन वर्षे झालेली, फिलिंग टोकापर्यंत पोचलेले, वरची कॅपही नीट बसलेली. तरी एक्स-रेवर मुळाच्या टोकाशी दिसणारी काळी छाया जागची हलत नाही. असा दात या मासिकाच्या प्रत्येक वाचकाच्या खुर्चीत कधी ना कधी आलेला आहे. रिट्रीटमेंट होते, कॅनॉल पुन्हा साफ होतो, कॅल्शियम हायड्रॉक्साइड घातले जाते आणि आत नेमके कोण दडले होते हा प्रश्न सक्शनबरोबर वाहून जातो. गेल्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातल्या संशोधकांनी तो वाहून जाऊ दिला नाही.

उपचार फसलेल्या दातांच्या कॅनॉलमधून त्यांच्या हाती एका जिवाणूचे दोन स्ट्रेन लागले. दोन्ही शुद्ध स्वरूपात वाढलेले. उपचार न झालेल्या, मेलेल्या पल्पच्या कॅनॉलमध्ये साधारण दहा ते तीस प्रजाती एकत्र नांदतात, पण नीट भरलेल्या कॅनॉलमध्ये उपचारानंतर टिकून राहणाऱ्या मोजक्याच असतात, एक ते पाच. त्यामुळे भरलेल्या दातातून एकटाच जिवाणू वाढला तर त्याकडे दुर्लक्ष करायचे नसते, हे उमेओच्या मंडळींना ठाऊक होते. जिवाणू ॲक्टिनोमायसिससारखा दिसत होता, पण त्या कुळातल्या माहीत असलेल्या एकाही प्रजातीशी जुळत नव्हता. स्ट्रेन गोटेनबर्गच्या कल्चर संग्रहाकडे आणि इंग्लंडमधल्या रेडिंगच्या प्रयोगशाळेकडे गेले. २००० साली ‘जर्नल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी’त कॉलिन्स, हॉयल्स, कल्फास, सुंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन छापले: ॲक्टिनोमायसिस रॅडिसिडेंटिस. टाइप स्ट्रेन, म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले जाते तो प्रमाण नमुना, सीसीयूजी ३६७३३.

या शोधनिबंधाची मांडणी आजही कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यापुढे ठेवावी अशी आहे. लेखकांनी एका पुराव्यावर भिस्त ठेवली नाही. आधी जैवरासायनिक चाचण्या केल्या. मग पेशीतली सगळी प्रथिने जेलवर पसरवून त्यांच्या पट्ट्यांचा नमुना जवळच्या प्रजातींशी ताडून पाहिला. दोन्ही स्ट्रेन एकमेकांशी जुळले, बाकी कोणाशीच नाही. त्यानंतर १६एस आरआरएनए जीनचा क्रम काढला, तेव्हा हा जिवाणू ॲक्टिनोमायसिस बोव्हिस ज्या गटात येतो त्या गटातली एक वेगळी, तोवर अज्ञात शाखा ठरला. तिन्ही दिशांनी एकच उत्तर आले, तेव्हा कुठे नाव दिले गेले.

आज हा क्रम उलटा झाला आहे. आधी सिक्वेन्स, मग जमल्यास जिवाणू. सिक्वेन्सिंग स्वस्त झाले याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती त्यातून निघणाऱ्या घाईच्या निष्कर्षांबद्दल. या मासिकाकडे परीक्षणासाठी येणाऱ्या लेखांत ‘नवी प्रजाती असण्याची शक्यता’ हे वाक्य आता वारंवार दिसते आणि त्यामागचा पुरावा बहुतेक वेळा ब्लास्ट या सिक्वेन्स जुळवून पाहणाऱ्या साधनातल्या एका टक्केवारीपुरता असतो.

म्हणून त्या टक्केवारीचा इतिहास थोडा उगाळावा लागेल. १६एस जीन साधारण दीड हजार बेसचा. १९९४ साली स्टाकेब्रांट आणि गोबेल यांनी दाखवले की दोन जिवाणूंमध्ये या जीनचे साम्य ९७ टक्क्यांहून कमी असेल तर त्यांच्या पूर्ण डीएनएचे संकरण ७० टक्क्यांपर्यंत पोचतच नाही. आणि ७० टक्के ही प्रजातीची सीमा १९८७ मध्येच मान्य झाली होती. पुढे पुरावा वाढला तशी २००६ मध्ये ही रेषा ९८.७ ते ९९ टक्क्यांपर्यंत वर सरकली. पण रेषा एकाच दिशेने बोलते. तिच्या खाली असलेला जिवाणू वेगळा, इतकेच ती सांगते. वर असलेला तोच, असे ती कधीच सांगत नाही. स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए आणि स्ट्रेप्टोकोकस मायटिस यांचे १६एस साम्य ९९ टक्क्यांहून जास्त आहे. एक न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवतो, दुसरा आपल्या सगळ्यांच्या तोंडात निमूट राहतो. ज्याच्या हाती मुखातले स्ट्रेप्टोकोकस आहेत त्याने एकट्या १६एसवर प्रजातीचे नाव लिहूच नये, इतके हे स्पष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला खोटे ‘नवे’ जिवाणू असतात. पाचशे बेसचा अर्धवट तुकडा, पीसीआरमध्ये दोन जिवाणूंचे धागे जुळून झालेला कायमेरा, किटमधूनच आलेला डीएनए, किंवा तुलना टाइप स्ट्रेनशी न करता कोणीतरी टाकलेल्या ‘अनकल्चर्ड’ क्लोनशी केलेली: यातल्या प्रत्येकाने ९६ टक्के साम्याचा चमत्कार घडवता येतो. पूर्ण लांबीचा जीन काढून तो केवळ टाइप स्ट्रेनच्या संग्रहाशी, उदाहरणार्थ इझीबायोक्लाउडशी, ताडून पाहिला तर निम्मी खळबळ तिथेच थंडावते. उरलेल्या स्ट्रेनचा पूर्ण जिनोम काढावा. जवळच्या प्रजातीशी सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्क्यांच्या खाली आले तर बोलणे पुढे सरकते. प्रथिनांच्या वस्तुमानावरून जिवाणू ओळखणाऱ्या माल्डी-टॉफवरही असाच विसंबून राहण्याचा मोह होतो. यंत्र आपल्या संग्रहात असलेल्यालाच ओळखते. ब्रुकरच्या यंत्रावर स्कोअर १.७ च्या खाली गेला तर अर्थ इतकाच की यंत्राला माहीत नाही. तो जिवाणू जगाला माहीत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र असा निकाल आल्यावर अहवालावर ‘ओळख पटली नाही’ लिहून प्लेट टाकून देणे, ही त्याहून मोठी चूक.

खरा मुद्दा हा आहे. नव्या प्रजातीचा शोध संगणकावर पूर्ण होत असेलही. तो सुरू मात्र खुर्चीत होतो आणि टिकतो तो फ्रीजरमध्ये. या दोन्ही जागा दंतवैद्यकाच्या ताब्यात आहेत, आणि दोन्हीकडे आपल्याकडे हयगय आहे.

खुर्चीपासून सुरुवात करू. १९६६ मध्ये गोटेनबर्गच्या ओके म्योलर यांनी आपल्या प्रबंधात कॅनॉलचा नमुना कसा घ्यावा हे जवळजवळ कायद्यासारखे लिहून ठेवले. रबर डॅम. मग दात, क्लॅम्प आणि डॅम तिन्ही ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसणे, त्यावर आयोडीन, आणि आयोडीनचा अंश नमुन्यात जाऊन जिवाणू मारू नये म्हणून सोडियम थायोसल्फेटने त्याचा परिणाम घालवणे. मग त्या पुसलेल्या पृष्ठभागावरूनच एक कंट्रोल स्वॅब. हा स्वॅब प्लेटवर काही उगवून दाखवत असेल तर आतला नमुना बाद. हायपोक्लोराइट वापरला तरी तत्त्व तेच, थायोसल्फेटही तेच. आज किती प्रबंधांत या कंट्रोल स्वॅबचा निकाल छापलेला असतो, हे मार्गदर्शकांनी आपल्याच कपाटातले चार प्रबंध काढून पाहावे. कंट्रोल नसेल तर कॅनॉलमध्ये सापडलेला ‘दुर्मीळ’ जिवाणू लाळेतला, गालावरचा किंवा सहायकाच्या ग्लोव्हवरचाही असू शकतो, आणि त्यावर लिहिलेले सगळे पुढचे पान फुकट जाते.

आयोडीन-थायोसल्फेटची ही कसरत कंटाळवाणी आहे, हे मान्य. पण तिचे फळ किती मोठे असते ते उमेओमध्येच १९७६ साली दिसले होते. गोरान सुंडक्विस्ट यांनी मार लागून पल्प मेलेले, पण मुकुट शाबूत असलेले ३२ दात तपासले. १९ दातांच्या मुळाशी हाड झिजलेले होते आणि त्यातल्या १८ मध्ये जिवाणू निघाले. हाड शाबूत असलेल्या दातांत ते नव्हतेच. मिळालेले बहुतेक जिवाणू ॲनेरोबिक होते, म्हणजे हवेत उघडी ठेवलेली प्लेट त्यांना मारून टाकते. विलोबी मिलर यांनी १८९४ मध्येच पल्पमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते त्यातले सगळे वाढवता येत नाही असे नोंदवले होते. त्या कोड्याचे उत्तर बऱ्याच अंशी ॲनेरोबिक तंत्राने दिले. आणि तरीही आपल्याकडच्या कित्येक अभ्यासांत कॅनॉलचा पेपर पॉइंट साध्या सलाइनमध्ये टाकून दुपारी लॅबमध्ये पाठवला जातो आणि प्लेट ४८ तासांत वाचून बाजूला ठेवली जाते.

४८ तासांत कोण दिसतो? जोमाने वाढणारा एन्टरोकोकस फीकॅलिस. त्याची कीर्ती काही अंशी खरी आहे आणि काही अंशी आपल्या उतावळेपणाची. हेमिन आणि व्हिटॅमिन के घातलेले ब्लड अगर, नायट्रोजन-हायड्रोजन-कार्बन डायऑक्साइडचे वातावरण, आणि किमान सात ते चौदा दिवस: एवढा वेळ दिला तर उशिरा येणारे बोलू लागतात. लंडनच्या जुलिया डाउन्स आणि विल्यम वेड यांनी २००३ मध्ये वर्णन केलेल्या डायलिस्टर इन्व्हिससच्या कॉलनी इतक्या बारीक असतात की उघड्या डोळ्यांनी त्या सहज निसटतात. आज हा जिवाणू रूट कॅनॉल संसर्गाच्या यादीत नेहमीचा झाला आहे. त्यापूर्वीही तो तिथे होताच. पाहणाऱ्याच्या हाती भिंग नव्हते.

आता फ्रीजर. हा भाग शास्त्राचा कमी आणि सवयीचा अधिक आहे, म्हणूनच तो अवघड.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून एक स्ट्रेप्टोकोकस वेगळा काढला. आम्ल माध्यमात तो गोल न राहता लांबट होई, म्हणून त्यांनी त्याला म्यूटान्स म्हटले. नंतर तीसेक वर्षे त्याच्याकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. १९६० मध्ये अमेरिकेत फिट्झगेराल्ड आणि कीज यांनी हॅम्स्टरमध्ये स्ट्रेप्टोकोकसने दात किडतात हे दाखवले, आणि मग जगभर ‘म्यूटान्स’ वेगळा काढण्याची लाट आली. माणसांतून, उंदरांतून, हॅम्स्टरमधून स्ट्रेन जमा झाले. १९७० च्या दशकात ॲलन कॉयकेंडाल यांनी त्यांचा डीएनए तपासला तेव्हा एका नावाखाली अनेक प्रजाती वावरत असल्याचे निघाले. आजचे स्ट्रेप्टोकोकस सोब्रिनस, रॅटी आणि क्रायसेटी हे त्याच गटातून वेगळे झाले. कॉयकेंडाल यांना हे करता आले, कारण इतरांनी वेगळे काढलेले स्ट्रेन जिवंत होते आणि त्यांना मिळाले. केवळ छापील वर्णने उरली असती तर त्यातून प्रजाती वेगळ्या निघाल्या नसत्या.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आणि लहान मुलांच्या दातांचे. स्कार्डोव्हिया विग्सिए हे नाव २०११ मध्ये डाउन्स आणि सहकाऱ्यांनी दिले. त्याच वर्षी बोस्टनमध्ये ॲन टॅनर यांच्या गटाने गंभीर अर्ली चाइल्डहूड केरिजच्या मुलांचे नमुने साध्या ब्लड अगरबरोबर आम्ल अगरवरही वाढवले आणि हा जिवाणू रोगाशी ठळकपणे जोडलेला आढळला. ज्या मुलांमध्ये म्यूटान्स सापडला नाही त्यांच्यातही तो होता. बालदंतवैद्यकाच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची, कारण ‘म्यूटान्स कमी, म्हणजे धोका कमी’ या हिशेबाला तिने धक्का दिला. हाती वाढवता येणारा स्ट्रेन होता म्हणून पुढे त्याची आम्लनिर्मिती, फ्लोराइडपुढची वागणूक, सगळे तपासता आले.

यावर आजचा तरुण संशोधक म्हणेल की जिवंत स्ट्रेनचा एवढा आग्रह आता जुना झाला. २०२२ पासून सीक्वकोड नावाची वेगळी नियमावली आहे आणि तिच्यात जिनोमचा क्रम हाच टाइप मानता येतो. मुखातल्या ज्ञात प्रजातींपैकी सुमारे तीस टक्के अजून कोणाच्याच प्लेटवर वाढलेल्या नाहीत. त्यांना नावाशिवाय कायमचे क्रमांकांवरच ठेवायचे का, हा प्रश्न रास्त आहे. पण मुखातल्याच टीएम७ गटाची गोष्ट पाहा. वर्षानुवर्षे तो फक्त सिक्वेन्स होता. २०१५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्यातला एक जिवाणू वाढवण्यात यश आले तेव्हा कळले की हा इवलासा जिवाणू दुसऱ्या एका ॲक्टिनोमायसिसच्या अंगावर चिकटून, त्याच्यावरच जगतो. सिक्वेन्सवरून तर्क करता आले असते, पण हे नाते प्रत्यक्ष दिसले ते दोघांना एकत्र वाढवल्यावर. शिवाय दवाखान्यातला प्रश्न साधा असतो: हा कशाने मरतो? क्लोरहेक्सिडीनने, हायपोक्लोराइटने, की कॅल्शियम हायड्रॉक्साइडने? फाइलमधल्या अक्षरांवर कोणी हायपोक्लोराइट ओतून पाहू शकत नाही. जिथे वाढवता येते तिथे वाढवावे, आणि वाढवलेले जपावे, हे या मासिकाचे मत.

नावाची औपचारिकता मात्र सोपी नाही. जिवाणूंच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार टाइप स्ट्रेन दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत ठेवावा लागतो, आणि नाव ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टिमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायोलॉजी’त छापले किंवा तिथल्या मान्यता यादीत आले तरच वैध ठरते. रॅडिसिडेंटिसचे वर्णन २००० सालचे आणि वैध नाव २००१ चे, ते याच कारणाने. आपल्याकडे त्यात आणखी एक पदर आहे. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे भारतात सापडलेल्या नव्या प्रजातीची माहिती नेमलेल्या भांडाराला कळवावी लागते आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. परदेशी पाठवण्यावरही बंधने आहेत. पेपर स्वीकारला गेल्यावर हे कळले तर धावपळ होते. सुदैवाने असे भांडार महाराष्ट्रातच आहे. पुण्यात नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचे (एनसीसीएस) नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्स, पूर्वीचे मायक्रोबियल कल्चर कलेक्शन, बुडापेस्ट कराराखाली आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले. नाशिक, मुंबई, नागपूरच्या महाविद्यालयांना याहून जवळचा आधार कोणता हवा?

एक थंड पाण्याचा शिंतोडाही आवश्यक आहे. नवी प्रजाती सापडली म्हणजे रोगाचे कारण सापडले असे नाही. रॅडिसिडेंटिसचा शोध लागल्यानंतर ब्राझीलमधल्या सिकेरा आणि रोसास यांनी पीसीआरने तो रूट कॅनॉलच्या नमुन्यांत शोधला. मिळाला तो अगदी थोड्यांत. म्हणजे दोन दातांत त्याने ठाण मांडले होते हे खरे, पण सगळ्या फसलेल्या आरसीटींचा दोष त्याच्यावर टाकता येत नाही. काकेहाशी, स्टॅन्ले आणि फिट्झगेराल्ड यांनी १९६५ मध्ये जंतुरहित उंदरांचे पल्प उघडे ठेवून दाखवले की जिवाणूंशिवाय पल्प मरत नाही, मुळाशी गाठही होत नाही. पण त्यांनी कोणत्या एका जिवाणूला दोषी ठरवले नव्हते. नव्या नावाने उद्याच्या रुग्णाचा इरिगंट बदलणार नाही. उपचारांच्या माहितीपत्रकांत आणि सेमिनारच्या स्लाइडवर नवी नावे जी झळकतात, त्यांच्यापुढे ‘किती नमुन्यांत?’ हा प्रश्न वाचकांनी जरूर विचारावा.

राहता राहिली सवय. प्रबंध सादर झाला की त्यातले स्ट्रेन ऑटोक्लेव्हमध्ये जातात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कल्चर निर्जंतुक करून टाकणे हे योग्यच. पण टाकण्याआधी ग्लिसरॉलमध्ये दोन नळ्या भरून उणे ८० अंशांवर ठेवायला लागतात काही मिनिटे आणि एक डबा. न ओळखता आलेला प्रत्येक स्ट्रेन अशा डब्यात जायला हवा. सोबत दाताचा क्रमांक, नमुन्याची तारीख, कंट्रोल स्वॅबचा निकाल आणि एक्स-रेची नोंद. रुग्णाचे नाव नको. त्याची संमती मात्र हवी, आणि ती नमुना घेण्याआधी, साठवणुकीचा स्पष्ट उल्लेख असलेली.

येत्या सत्रात रूट कॅनॉलच्या नमुन्यांवर प्रबंध देणाऱ्या मार्गदर्शकांना म्हणून विनंती आहे. एथिक्स समितीपुढे जाणाऱ्या प्रस्तावातच स्ट्रेन जतन करण्याची एक ओळ, तिचा खर्च आणि संमतिपत्रातली तिची जागा लिहून टाका. आणि हाती खरोखरच कोणाशी न जुळणारा स्ट्रेन आला, तर आधी पुण्याला संपर्क करा, जर्नलला नंतर.